चादरीच्या पिशवीतली फाईल

*पत्र :*

ताई, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, वय ३६. आधी यंत्रमाग कारखान्यात जॉबर होतो, नंतर आखातातल्या एका देशात हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागलो. बायको घरी विड्या वळते. सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा ओळखीच्या एकाने तिकडच्या नातेवाइकाला द्यायला टॉवेलचा गठ्ठा दिला. सोलापूरचा माणूस टॉवेल नेतोय, त्यात काय बघायचं? विमानतळावर गठ्ठा उसवला, तर आत गोळ्यांची पाकिटं. खालच्या कोर्टात सात वर्षांची शिक्षा लागली. सोळा महिने आत काढले. मग इथे त्या माणसावर गुन्हा नोंदला गेला, ते कागद तिकडे पोचले आणि वरच्या कोर्टाने निर्दोष सोडलं.

येऊन नऊ महिने झाले. सुटताना बराकीतल्या अकरा जणांच्या घरचे नंबर तोंडपाठ करून आणले होते. सात जणांना फोन केले. त्यातल्या एकाची बायको उदगीरहून भेटायला आली. तिच्याबरोबर बसून अर्ज केला आणि महिन्याभरात दूतावासाचा माणूस तिच्या नवऱ्याला आत जाऊन भेटला. तेव्हापासून वाटतं, आपण हेच काम करावं. एका कार्यक्रमात बोलायलाही बोलावलंय. पण बायको विषय काढू देत नाही. "आता पुरे" म्हणते. सगळे कागद तिने चादरीच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलेत. गल्लीत लोक म्हणतात, काहीतरी केलं असणार, उगीच कोण धरतंय. कारखान्यात परत घेत नाहीत. रात्री शेजारच्या दुकानाचं शटर पडलं की मी उठून भिंतीला लागून उभा राहतो, मोजणीला उभं राहायचो तसा. काय करू?

*उत्तर :*

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. "इथे त्या माणसावर गुन्हा नोंदला गेला" असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे गुन्हा आपोआप नोंदला जातो, असं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. चोरीला गेलेल्या सायकलची तक्रार द्यायला गेलं तरी "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या" ऐकावं लागतं. इथे तर आरोपी परदेशात, माल परदेशात, पंचनामा अरबीत. पोलीस ठाण्याच्या बाकावर कुणीतरी बसून राहिलं असणार. हद्द कुणाची, यावरून कुणाला तरी इकडून तिकडे पाठवलं असणार. त्या गठ्ठेवाल्याचं नाव पहिल्यांदा कागदावर कुणी आणलं? तो तुमच्या घरून गठ्ठा देऊन गेला हे सांगायला साक्षीदार कुणी गोळा केले? ते कागद सही-शिक्क्यासह दूतावासापर्यंत कुणी पोचवले?

मी तुमच्या बायकोला ओळखत नाही. पण माझा अंदाज सांगते, तो चुकला तर पुढच्या पत्रात मला खडसावा. ही सगळी धावपळ तिने केली. आणि घरी येऊन नऊ महिने झाले तरी तुम्ही तिला त्याबद्दल एकदाही विचारलेलं नाही.

विडी वळणाऱ्या बाईचा हिशोब पूर्व भागात कुणाला सांगायला नको. मांडीवर सूप, कात्रीने कापलेली पानं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा वेढा. हजार झाल्या तर मजुरी. कलेक्टर कचेरीत गेलेल्या दिवशी हजार होत नाहीत. ठाण्यात गेलेल्या दिवशी पाचशेही होत नाहीत. सोळा महिन्यांत असे किती खाडे पडले असतील, तो आकडा तिच्याकडे आहे. तुम्ही आत मोजणीला उभे राहत होतात, ती बाहेर रांगेला. तुमची शिक्षा कोर्टाने रद्द केली. तिची कुणी दिलीच नव्हती, त्यामुळे रद्द करायलाही कुणी नाही.

म्हणून तिचं "आता पुरे" मला विरोध वाटत नाही. जे काम तुम्ही आता सुरू करायचं म्हणताय, ते तिने सोळा महिने केलंय. ती दमलीय.

हे सोलापुरातलंच आहे असंही समजू नका. मुंबईच्या एका जोडप्याची बातमी तुम्ही ऐकली असेल. २०१९ च्या जुलैमध्ये नात्यातल्याच एका बाईने भेट म्हणून दिलेल्या सहलीवर ते कतारला गेले. तिने सोबत दिलेल्या पाकिटात चार किलोंच्या वर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांच्या मुलीचा जन्म तुरुंगात झाला. इकडे घरचे लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी तक्रारी केल्या, फोनवरच्या बोलण्याचे पुरावे पुढे आणले. अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास करून खरी टोळी पकडली. मार्च २०२१ मध्ये तिथल्या कोर्टाने दोघांना निर्दोष ठरवलं. तुमची गोष्ट हुबेहूब याच वाटेने गेली आहे. मुंबईच्या जोडप्याच्या मागे जसं एक कुटुंब होतं, तसं तुमच्या मागे कोण होतं, ते त्या चादरीच्या पिशवीत आहे.

पीटर ग्रेस्टे या ऑस्ट्रेलियन पत्रकाराचंही तसंच. डिसेंबर २०१३ मध्ये कैरोत त्याला अटक झाली. बातमीदारी केली म्हणून सात वर्षं ठोठावली आणि ४०० दिवसांनी तो सुटला. तोपर्यंत त्याचे म्हातारे आई-वडील ब्रिस्बेनमध्ये पत्रकार परिषदा घेत होते. पुढे त्याने पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी संघटना उभी केली, आज जगभर बोलतो. आतल्याने नंतर बोलायचं असतं. त्याच्या आधी बाहेरच्याने बोललेलं असतं.

तर पहिलं काम. माळ्यावरची पिशवी तुम्ही काढू नका, तिला काढायला सांगा. एखाद्या दुपारी, तिचं सूप बाजूला ठेवलेलं असताना. "मला हे काम करू दे" असं त्या दिवशी म्हणू नका. एवढंच म्हणा, "यातला पहिला कागद कुठला, कसा मिळवलास?" आणि ऐका. मध्ये "आत मी काय भोगलं तुला काय माहीत" हे वाक्य आलं, तर दुपार वाया गेली समजा. त्या पिशवीत पोच पावत्या असतील, आवक क्रमांक टाकलेल्या अर्जांच्या झेरॉक्स असतील, कुण्या साहेबाचं नाव पेनने मागे लिहिलेलं असेल. एखादी पावती अशीही असेल की तिच्यामुळे काहीच झालं नाही, तरी तिने जपून ठेवली. तिच्याबद्दल जरूर विचारा.

दोन-चार दुपारी यातच जाऊ द्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे. हे काम करावं का? करताय की! उदगीरच्या बाईंबरोबर बसलात, अर्ज लिहिलात, दूतावासाचा माणूस आत गेला. मानवी हक्क हा मोठा शब्द आहे, भाषणात तर तो आणखी फुगतो, पण त्याचं रोजचं रूप हेच असतं, एक अर्ज आणि त्याची पोच. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी इथल्या दहा वकिलांकडे नाही. पकडल्यानंतरच्या पहिल्या रात्री माणसाला काय सुचतं आणि काय सुचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

त्या पहिल्या रात्रीचं सांगते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वाणिज्य दूतांच्या कामाबद्दलचा. त्याच्या ३६ व्या कलमानुसार परदेशी माणसाला पकडलं की "तुझ्या दूतावासाला कळवू का" हे त्याला विनाविलंब सांगावं लागतं आणि दूतावासाच्या माणसाला त्याला भेटता येतं. आपल्या सांगलीकडच्या कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचा निकाल दिला. हरीश साळवे त्या खटल्यात एक रुपया फीवर उभे राहिले, ते सगळ्यांना आठवतं. कलम कुणाला आठवत नाही. त्यातली मेख अशी की, दूतावासाला कळवायचं ते कैद्याने मागितलं तर. घाबरलेला माणूस मागत नाही. त्याला वाटतं, आपल्या सरकारला कळलं तर इकडेही केस होईल, पासपोर्ट जाईल, बहिणीचं लग्न मोडेल. काही देशांचे गोपनीयतेचे कायदे तर इतके कडक आहेत की कैद्याची संमती नसेल तर दूतावासाला नावसुद्धा मिळत नाही. हे तुम्ही आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू शकता, आणि तुमच्या तोंडून ऐकलं तर ते त्याच्या लक्षात राहील. "माझ्या दूतावासाला कळवा" हे एक वाक्य त्याला अरबीतून पाठ करायला लावा. तुम्हाला ते आता येत असेलच.

घरच्यांच्या बाजूने काय लागतं, ते तुमची बायको जास्त नीट सांगेल, मी फक्त जोडते. पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, मालकाचं नाव, पकडल्याची तारीख आणि जागा. एवढं एका कागदावर असलं की परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. २०१५ पासून ते सुरू आहे. तक्रारीला नंबर मिळतो, पुढचा प्रत्येक पत्रव्यवहार त्या नंबरावर करायचा. वकिलाला पैसे नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासूनचा. गरजू आणि पात्र माणसाच्या कायदेशीर मदतीसाठी त्यातून खर्च करता येतो. तो मागावा लागतो, लेखी. आणि कुणी फोन करून "मी दूतावासातून बोलतोय, इतके भरा, उद्या सोडवतो" म्हणाला तर तो दूतावासातला नसतो. उदगीरच्या बाईंना हे सांगितलं नसेल तर आजच सांगा.

एक गोष्ट मात्र जपून सांगायची. शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा भोगायला भारतात आणता येतं, त्यासाठी आपला २००३ चा कायदा आहे आणि सौदी, अमिराती, कतार, कुवेत अशा देशांशी करार आहेत. ऐकायला फार बरं वाटतं. पण ते अपील वगैरे संपल्यावर, निकाल पक्का झाल्यावर. म्हणजे खरोखर निर्दोष असलेल्या माणसापुढे पेच पडतो. लढत राहायचं, की अपील सोडून गुन्हेगार म्हणून का होईना घराजवळच्या तुरुंगात यायचं? आई आजारी असेल तर माणूस दुसरं निवडतो. त्याला तुम्ही "मी लढलो, तूही लढ" असं सांगू नका. तुमच्यासाठी इथे कुणीतरी खिंड लढवत होतं, त्याच्यासाठी असेलच असं नाही.

हे सगळं एकट्याने, घराच्या ओट्यावर बसून करू नका. आपल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. ते विधी स्वयंसेवक नेमतात, प्रशिक्षण देतात. वकिलीची पदवी लागत नाही. तिथे जाऊन नाव नोंदवायचं विचारा. ओळखपत्र हातात असलं की ठाण्यातला माणूस निदान बसा म्हणतो. शिवाय पोटापाण्याचा प्रश्न आहेच. मानधन असलं तरी त्यावर घर चालत नाही, हे काम बाजूने करायचं आहे. कारखान्यात घेत नाहीत म्हणता, तर निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत आणि तिचं अधिकृत भाषांतर करून घ्या. पिशवीत ते बहुतेक असेलच. मालकापुढे तोंडी कहाणी सांगत बसण्यापेक्षा तो कागद ठेवा. आखातातल्या मोठ्या लॉन्ड्रीत काम केलेला जॉबर आहात, मशीन कळतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्रोसेसिंगवाले आहेत, टॉवेल धुणारे-रंगवणारे. तिकडे विचारलंत का? टॉवेल म्हटल्यावर पोटात गोळा येत असेल तर तेही समजण्यासारखं आहे, मग हॉटेलांच्या लॉन्ड्रीत बघा.

भाषणाचं म्हणाल तर थोडं थांबा, असं मला वाटतं. तुम्हाला बोलता येणार नाही म्हणून नव्हे. बराकीत अजून माणसं आहेत. मोठ्या स्टेजवर तुम्ही देशाचं, तुरुंगाचं, पहारेकऱ्याचं नाव घेतलंत, कुणी ते मोबाइलवर फिरवलं, तर त्याचा जाब कदाचित आत बसलेल्याला द्यावा लागेल. तिकडचे इंटरनेटचे कायदे फार कडक आहेत. याचा अर्थ कायम गप्प बसा असाही नाही. कायली मूर-गिल्बर्ट नावाची ऑस्ट्रेलियन प्राध्यापिका इराणच्या तुरुंगात ८०४ दिवस होती, २०१८ ते २०२०. तिच्या घरच्यांना सरकारने सांगितलं होतं, बोंबाबोंब करू नका, आतून प्रयत्न चालू आहेत. वर्षभर बाहेर कुणाला पत्ताच नव्हता. सुटल्यावर तिने स्पष्ट सांगितलं की ही शांतता तिच्या उपयोगाची नव्हती. आता ती अशाच अडकलेल्यांसाठी काम करते. म्हणजे बोलायचं की गप्प बसायचं, याचं एक उत्तर नाही. ज्याची मान अडकली आहे त्याच्या घरच्यांना विचारून ठरवायचं. तुमची गोष्ट तुमची आहे, ती सांगा. बाकी दहा-अकरा जणांची सांगायची तर परवानगी घ्या.

पहिलं भाषण करायचंच असेल तर कार्यक्रमाच्या हॉलमध्ये नको. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत करा, एखाद्या ओट्यावर, पुढच्या महिन्यात आखातात जाणाऱ्या चार पोरांपुढे. त्यांना सांगा, एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा, नोंदणी नसलेल्याला परदेशी नोकरीची भरती करायला १९८३ च्या कायद्याने बंदी आहे. दुसऱ्याचा गठ्ठा नेऊ नका, नेलाच तर आपल्या हाताने उसवून बघा, पाव्हणा रागावला तर रागावू द्या. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, काही दुखण्याच्या गोळ्या ट्रामाडॉलच्या असतात, ही दोन्ही गुंगीची औषधं, तिकडे परवानगीशिवाय चालत नाहीत. आणि आईने डब्यात भरलेले अनारसे. हसू नका, अनारशाला खसखस लावतात आणि अमिराती, सौदीसारख्या देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते. कुठल्याही आईला हे पटणार नाही, माझ्या आईलाही पटलं नसतं. पण परदेशच्या तुरुंगांत दहा हजारांवर भारतीय असल्याचं २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलंय. त्यातले सगळेच काही डॉन नाहीत.

राहता राहिली गल्ली. "काहीतरी केलं असणार" हे वाक्य मला सोलापुरात ऐकलं की विशेष चीड येते. याच गावातल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालवून, साक्षी-पुरावे मांडून, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. कोर्टाने दोषी म्हटलं म्हणून सोलापूरने त्यांना दोषी मानलं नाही, चौकात पुतळे उभारले. त्या पुतळ्यांपुढून रोज रिक्षाने जाणारा माणूस, कोर्टाने निर्दोष म्हटलेल्या शेजाऱ्याला दोषी धरतो. त्याच्याशी वाद घालू नका, शक्ती वाया जाते. उद्या त्याच्याच भाच्याचा फोन तिकडून बंद लागला की तो तुमच्याच दारात येईल. तेव्हा त्याला आत घ्यायचं की नाही, हे मी सांगणार नाही. मी तुमच्या जागी असते तर आधी तासभर बाहेर उभा ठेवला असता.

शटरचं. ते तुमच्या मनाचे चोचले नाहीत आणि वेडही नाही. सोळा महिने ज्या आवाजावर उभं राहायचं होतं, त्या आवाजावर शरीर अजून उभं राहतंय. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढा. तिथे जायला जड जात असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री शटर पडून गेल्यावरही लागतो. आणि उदगीरच्या बाईंसारखं कुणी येऊन गेल्यावर त्या रात्री झोप जास्त उडते का, याची नोंद ठेवा. उडत असेल तर आठवड्याला एकच घर घ्या. दुसऱ्याला सोडवताना तुम्ही परत आत जाऊन बसलात, तर तुमच्या बायकोला पुन्हा पिशवी उघडावी लागेल.

आणि भाऊ, अकरातले चार नंबर राहिलेत. का राहिले ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. कदाचित त्यांना सांगण्यासारखी बातमी चांगली नसेल. तोंडपाठ आहेत म्हणून अजून कुठे उतरवले नसतील, तर हे वाचून झाल्यावर उतरवून काढा. तोंडपाठ नंबरातला एखादा आकडा कधी इकडचा तिकडे होतो ते आपल्याला कळत नाही. बायको शेजारी बसली असेल तर ती लिहील, तुम्ही सांगा.